परळ विधानसभा मतदारसंघ : लोकसंख्या आणि मतदानाचा इतिहास (१९३७ ते २०२४)

प्रस्तावना

मुंबईच्या राजकीय इतिहासात परळ या नावाला स्वतंत्र स्थान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये कायदेमंडळावर निवडून आले ते भायखळा-परळ मतदारसंघातून. शिवसेनेचा पहिला आमदार १९७० मध्ये निवडून आला तोही परळमधूनच. या दोन घटनांच्या मधल्या काळात परळ हे कम्युनिस्ट व समाजवादी चळवळीचे बळकट केंद्र होते. असे असूनही २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत परळ नावाचा विधानसभा मतदारसंघ उरला नाही. वस्ती आहे, रेल्वे स्थानक आहे, इस्पितळे आहेत. परंतु त्या नावाचा आमदार आता विधानसभेत नसतो.

परळच्या मतदानाविषयी लिहिताना 'लाल बावट्याकडून भगव्याकडे' असे एक सरळ सूत्र वारंवार मांडले जाते. हे सूत्र सोयीचे असले तरी निवडणुकांच्या निकालांशी ते पूर्णपणे जुळत नाही. परळच्या मतदाराने कोणत्या प्रसंगी कोणत्या प्रश्नावर मत दिले आणि मतदान करणारा समाज दर पिढीला कसा बदलत गेला, याचा एकत्रित विचार केल्याशिवाय हा इतिहास उलगडत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परळच्या लोकसंख्येची घडण व तिच्यातील बदल यांचा आढावा घेणे.
२. १९३७ पासूनच्या प्रमुख निवडणुकांचे निकाल व त्यांमागील कारणे तपासणे.
३. गिरणी उद्योगातील कामगार प्रतिनिधित्वाचा कायदा आणि राजकीय मतदान यांतील संबंध स्पष्ट करणे.
४. मतदारसंघ लोप पावण्यामागील लोकसंख्याविषयक व आर्थिक कारणे शोधणे.

सदर विवेचन जनगणनेचे आकडे, निवडणुकांचे प्रसिद्ध निकाल आणि मुंबईच्या कामगार चळवळीविषयीचे प्रकाशित लेखन या दुय्यम साधनांवर आधारलेले असून मांडणीसाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

परळची वस्ती : उपनगर ते गिरणगाव

मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी परळ हे एक होय. अठराव्या व एकोणिसाव्या शतकात कोटाबाहेरचे हे मोकळ्या हवेचे उपनगर मानले जाई. गव्हर्नरचे निवासस्थान दीर्घकाळ परळला होते. १८८० च्या दशकात गव्हर्नरचा मुक्काम येथून हलला आणि १८९६ च्या प्लेगनंतर, १८९९ मध्ये, त्याच वास्तूत प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. सत्ताधाऱ्यांच्या विश्रामस्थानाचे साथीच्या रोगांवरील प्रयोगशाळेत झालेले हे रूपांतर परिसराच्या बदललेल्या स्वरूपाचे निदर्शक म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्या व रेल्वेचे कारखाने उभे राहिले आणि उपनगराचे कामगार वस्तीत परिवर्तन झाले.

या वस्तीचे तीन विशेष मतदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला विशेष म्हणजे ही स्थलांतरितांची वस्ती होती. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबई शहराच्या रहिवाशांपैकी पाचांतील चारांहून अधिक जण शहराबाहेर जन्मलेले होते आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचे प्रमाण शहराच्या लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश होते. त्याखालोखाल पुणे, सातारा या घाटावरच्या जिल्ह्यांतून माणसे येत. कोकणातील कुणबी, मराठा, भंडारी, महार आणि घाटावरील शेतकरी व बलुतेदार यांची वस्ती गिरण्यांच्या भोवती दाटली.

दुसरा विशेष स्त्री-पुरुष प्रमाणाचा. १९२१ मध्ये शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. कुटुंब गावी आणि कमावता पुरुष मुंबईला, ही रीत होती. एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने राहत, खानावळीत जेवत. गावकीच्या सामाईक खोल्यांमुळे गावचे नातेसंबंध, भांडणे आणि निष्ठा शहरातही टिकून राहिल्या. परळचा मतदार एकाच वेळी गिरणीचा कामगार व गावचा शेतकरी होता.

तिसरा विशेष सार्वजनिक संस्थांचा. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थेचे कार्य, दामोदर ठाकरसी सभागृह, कामगार मैदान, १९२६ मध्ये सुरू झालेले के.ई.एम. रुग्णालय व गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, वाडिया रुग्णालये आणि १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय यांमुळे परळला सभा, शिक्षण व सेवा यांचे केंद्र म्हणूनही रूप आले. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी आणि १९२० च्या दशकात नायगाव, डिलाईल रोड, वरळी व शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बी.डी.डी. चाळी यांनी या लोकवस्तीला स्थिर पत्ता दिला. मतदार यादीत नाव येण्यासाठी असा पत्ता आवश्यक असतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

१९३७ ची निवडणूक : जात, वर्ग आणि मर्यादित मताधिकार

१९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या प्रांतिक निवडणुकीत सर्वांना मताचा अधिकार नव्हता. मालमत्ता, भाडे, कर, शिक्षण अशा अटींवर मताधिकार अवलंबून होता. भाड्याची खोली एकाच्या नावावर आणि राहणारे अनेक, अशी परिस्थिती असलेल्या वस्तीत मतदार आणि रहिवासी यांच्या संख्येत मोठी तफावत राहणे अपरिहार्य होते. त्यामुळे १९३७ चा निकाल संपूर्ण परळचा कौल नसून परळमधील तुलनेने स्थिरावलेल्या वर्गाचा कौल होता.

डॉ. आंबेडकरांचा परळशी संबंध या निवडणुकीच्या बराच आधीचा होता. १९१२ पासून १९३४ पर्यंत त्यांचे वास्तव्य परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची उभारणी परळच्या दामोदर सभागृहातील सभेतून झाली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाच्या काळात त्यांनी एक अवघड प्रश्न पुढे आणला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धाटा बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याला विटाळाचे कारण दिले जाई. विणकाम खात्यात वेतन अधिक असल्याने हा केवळ सामाजिक अपमान नव्हता, आर्थिक वंचनाही होती. गिरणी कामगार युनियनने याच संपातून मोठी सदस्यसंख्या मिळवली, परंतु कामगारवर्गाच्या एकजुटीत जातीची भिंत शिल्लक असल्याचे या प्रश्नाने उघड केले.

ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या नावातच या अनुभवाचा परिणाम दिसतो. पक्षाने जातीऐवजी मजुराचे नाव धारण केले. भायखळा-परळ हा बहुसदस्यीय मतदारसंघ होता आणि त्यातील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. मुंबई प्रांतात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य पण संघटित गटाला आपला उमेदवार निवडून आणण्यास ही पद्धत साहाय्यभूत ठरणारी होती. राखीव जागेवर काँग्रेसने प्रसिद्ध क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. २,०२० मतांचे हे अंतर पाहता लढत एकतर्फी नव्हती, हे स्पष्ट होते. काँग्रेसने राष्ट्रीय कीर्तीचा दलित उमेदवार देऊन स्वतंत्र प्रतिनिधित्वाच्या मागणीलाच आव्हान दिले होते.

निवडून आल्यानंतर डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. परळच्या प्रतिनिधीने रत्नागिरीच्या जमीनपद्धतीचा प्रश्न कायदेमंडळात न्यावा, हे वरवर विसंगत वाटेल. परंतु मतदारांपैकी अनेकांची कुटुंबे खोतांच्या गावी कुळे म्हणून राबत होती. परळचे मत हे काही प्रमाणात कोकणाचेही मत होते. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र आले. ही एकजूट टिकली नाही. तिच्या अभावाची किंमत १९५२ मध्ये दिसली.

१९५२ : प्रौढ मताधिकार आणि विभागलेले मत

मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकारावरील पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली आणि १९५१-५२ मध्ये लोकसभा व विधानसभेसाठी प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. गिरणगावचा बहुतांश भाग उत्तर मुंबई शहर या द्विसदस्यीय लोकसभा मतदारसंघात होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते होती, परंतु १९३७ प्रमाणे दोन्ही एकाच उमेदवाराला देण्याची सवलत नव्हती.

सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे हे प्रमुख उमेदवार होते. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. आंबेडकर व काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांच्यात सामना झाला. समाजवादी पक्ष व फेडरेशन यांचे सहकार्य होते, कम्युनिस्ट स्वतंत्र होते. काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. १४,५६१ मतांनी राज्यघटनेचे शिल्पकार आपल्याच कर्मभूमीत पराभूत झाले. अशोक मेहताही हरले.

या निकालानंतर डॉ. आंबेडकर व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या आणि दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्याचा प्रचार झाल्याने असे घडले, असा त्यांचा आक्षेप होता. अर्जाला यश आले नाही. तथापि कायद्याच्या निर्णयापलीकडे इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची उरते. बाद मतांची संख्या विजयाच्या अंतरापेक्षा कित्येक पटींनी अधिक होती आणि काँग्रेसविरोधी कामगार मत तीन प्रवाहांत विभागले गेले होते. मताधिकार विस्तारल्याने कामगारांचे संख्याबळ वाढले. परंतु मतदानाची पद्धत व पक्षांतील दुरावा यांमुळे त्या बळाचे प्रतिनिधित्वात रूपांतर झाले नाही.

संयुक्त महाराष्ट्र : भाषेच्या प्रश्नावरील एकजूट

जे १९५२ मध्ये साधले नाही ते पाच वर्षांनी भाषेच्या प्रश्नावर साधले. राज्य पुनर्रचनेच्या वादात मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा विचार पुढे आला आणि नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मधील गोळीबारांनी गिरणगाव पेटून उठले. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले. १९५७ मध्ये मध्य मुंबईतून डांगे लोकसभेवर निवडून गेले, शेजारच्या दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेवर गेले.

या यशाचे स्वरूप दुहेरी होते. कामगाराने कामगार म्हणून आणि मराठी भाषक म्हणून एकाच वेळी मत दिले. गिरणीमालक व मुंबई वेगळी मागणारा वर्ग एकच आहे, ही भावना त्यामागे होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि समितीचे मुख्य प्रयोजन संपले. १९६२ मध्ये डांगे पराभूत झाले. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षात फूट पडली. १९६७ मध्ये डांगे पुन्हा लोकसभेवर आणि कृष्णा देसाई परळमधून विधानसभेवर गेले. मात्र भाषिक अस्मितेचे जे भांडवल डाव्या पक्षांनी समितीच्या काळात उभे केले होते, त्याच्यावर आता नवा दावेदार उभा राहिला होता.

१९७० ची पोटनिवडणूक

१९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. नोकऱ्यांत मराठी माणसाला प्राधान्य ही तिची मागणी होती आणि कम्युनिस्ट विरोध हे तिच्या धोरणाचे उघड अंग होते. १९६७ च्या अखेरीस परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ४२ जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी भारतीय कामगार सेना ही तिची कामगार संघटना निघाली. राज्यातील सत्ताधारी काँग्रेसने डाव्यांच्या विरोधात या संघटनेकडे कानाडोळा केला, अशी टीका त्या काळी होत असे.

५ जून १९७० च्या रात्री आमदार कृष्णा देसाई यांचा लालबाग परिसरात खून झाला. लोकप्रतिनिधीच्या राजकीय हत्येने संपूर्ण शहर हादरले. रिक्त जागेसाठी १८ ऑक्टोबर १९७० रोजी पोटनिवडणूक झाली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने कृष्णा देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उमेदवारी दिली. शिवसेनेतर्फे वामनराव महाडिक उभे होते. महाडिक यांना ३१,५९२ व श्रीमती देसाई यांना २९,९१३ मते मिळाली. १,६७९ मतांनी शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला.

या निकालाचा अर्थ लावताना दोन टोके टाळणे आवश्यक आहे. गिरणगावने त्या दिवशी कम्युनिस्टांना नाकारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते, कारण दोन्ही उमेदवारांच्या मतांच्या बेरजेत अंतराचे प्रमाण सुमारे २.७ टक्के एवढेच होते. परळ अक्षरशः दोन भागांत विभागले गेले होते. उलट, हा निकाल केवळ दहशतीचा परिणाम होता असे म्हटल्यास तीस हजारांहून अधिक मतदारांच्या निवडीचे स्पष्टीकरण मिळत नाही. शाखा, गणेशोत्सव मंडळे, व्यायामशाळा यांतून शिवसेनेने चाळीतील तरुण पिढीशी नाते जोडले होते. ही पिढी मुंबईत जन्मलेली व शाळेत शिकलेली होती आणि वडिलांच्या जागी गिरणीत लागण्याऐवजी तिला कार्यालयातील नोकरी हवी होती. युनियनचे सदस्यत्व गिरणीच्या दाराशी सुरू होई. ज्याला गिरणीत जायचेच नव्हते त्याच्याशी बोलण्याची भाषा युनियनकडे अपुरी होती.

पुढील निकाल या विश्लेषणाला पुष्टी देतात. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेला राज्यात एकच जागा मिळाली आणि ती गिरगावची होती. परळ तिच्या हातून गेले होते. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीत शिवसेनेने काँग्रेसचे रामराव आदिक यांना पाठिंबा दिला, दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल उसळली. आणि निवडून आल्या त्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे. १९७७ च्या जनता लाटेनंतर १९८० मध्ये दक्षिण-मध्य मुंबईतून काँग्रेसचे रा. रा. भोळे लोकसभेवर गेले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात गेलेले भोळे १९८० मध्ये काँग्रेसचे खासदार व्हावेत, ही गोष्ट दलित राजकारणाच्या बदलत्या प्रवाहाची निदर्शक आहे. तात्पर्य, १९७० नंतरची पंधरा वर्षे मत एका पक्षाकडे स्थिरावले नव्हते.

गिरणीतील मत आणि मतपेटीतील मत

या अस्थिरतेमागे एक कारण कायद्यात सापडते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका विभागातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केली जाई आणि ती मान्यता सदस्यसंख्येच्या नोंदींवर ठरे, कामगारांच्या गुप्त मतदानावर नव्हे. काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला ही मान्यता मिळाली व दीर्घकाळ टिकली. मालकाशी वाटाघाट करण्याचा अधिकार त्याच संघटनेला होता. परिणामी, परळचा गिरणी कामगार आमदार, खासदार व नगरसेवक मताने निवडू शकत होता, परंतु आपल्या वेतनाचा करार कोणी करावा हे मताने ठरवू शकत नव्हता. गिरणीत व्यक्त न होणारा असंतोष मतपेटीतून व्यक्त होणे स्वाभाविक होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाकडे या दृष्टीने पाहावे लागते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वेतनवाढ व बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच १९४६ चा कायदा रद्द करणे ही प्रमुख मागणी होती. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. हजारो कामगार गावी परतले, अनेकांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. औद्योगिक पातळीवर कामगार हरले होते. असे असताना डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या प्रचंड काँग्रेस लाटेत, दक्षिण-मध्य मुंबईने अपक्ष डॉ. सामंत यांना लोकसभेवर पाठवले. गिरणीत जे मत मागितले गेले नव्हते ते मतदाराने येथे दिले. परंतु खासदाराला कराराचा अधिकार नव्हता, आणि बंद होत चाललेली गिरणी मतांनी सुरू होणार नव्हती. १९८४ चा विजय त्यामुळे संपाच्या बाजूने उशिरा मिळालेला कौल ठरला. त्यातून सत्ता निर्माण झाली नाही.

शिवसेनेचे वर्चस्व : १९८५ नंतर

१९८५ मध्ये शिवसेनेने मुंबई महापालिका जिंकली. १९८९ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईतून वामनराव महाडिक लोकसभेवर गेले आणि १९९१ ते २००४ या काळातील पाच लोकसभा निवडणुका मोहन रावले यांनी जिंकल्या. विधानसभेतही १९९० नंतर परळ शिवसेनेकडे स्थिरावले.

हे वर्चस्व संपापूर्वी नव्हे, संपानंतर प्रस्थापित झाले, ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. गिरणी हे ओळखीचे केंद्र होते तोपर्यंत युनियनला पर्याय नव्हता. गिरण्या थंडावल्यावर रेशनकार्ड, रुग्णालयातील खाट, शाळेतील प्रवेश, पाण्याची तक्रार, तरुणाला काम अशा दैनंदिन गरजांसाठी चाळीच्या तोंडाशी असलेली शाखा हेच आधाराचे ठिकाण उरले. अयोध्या आंदोलनानंतरच्या हिंदुत्वाच्या वातावरणाचाही त्याला हातभार लागला. परळचे मत भगवे झाले ते लाल बावट्याशी थेट लढाईत हरल्यामुळे जितके, त्याहून अधिक ज्या कारखान्यावर लाल बावटा उभा होता तो कारखानाच बंद पडल्यामुळे.

मतदारसंघाचा लोप

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनींच्या वापराची वाट खुली केली. २००१ मधील दुरुस्तीने सार्वजनिक मोकळ्या जागा व घरांसाठी मिळणारा वाटा मोठ्या प्रमाणात घटला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात मॉल, कार्यालये व उंच निवासी इमारती आल्या. माजी कामगारांची कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार या दिशांना सरकली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, तेव्हा संपाला तीस वर्षे होऊन गेली होती.

लोकसंख्येचे आकडे या स्थलांतराची साक्ष देतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या १९७१ मध्ये ३०.७० लाख, १९८१ मध्ये ३२.८५ लाख, १९९१ मध्ये ३१.७५ लाख, २००१ मध्ये ३३.३८ लाख आणि २०११ मध्ये ३०.८५ लाख होती. चाळीस वर्षांत ती जवळपास होती तेथेच राहिली, तर उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ९३.५७ लाखांवर गेली. परळ-शिवडीचा समावेश असलेल्या एफ दक्षिण प्रभागाची लोकसंख्या २००१ मधील ३.९६ लाखांवरून २०११ मध्ये ३.६१ लाखांवर आली; वरळी-लोअर परळच्या जी दक्षिण प्रभागात ती ४.५८ लाखांवरून ३.७८ लाख झाली. याच काळात मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ७७७ वरून ८३२ झाली. एकट्या पुरुषांची वस्ती जाऊन कुटुंबांची वस्ती आल्याचे हे चिन्ह आहे.

विधानसभेच्या जागा लोकसंख्येनुसार वाटल्या जातात. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी शहर व उपनगर यांच्या वाट्याला प्रत्येकी १७ जागा होत्या. नंतर शहराला १० व उपनगराला २६ जागा मिळाल्या. शहराने गमावलेल्या सात जागांमध्ये परळ होते. त्याचा परिसर शिवडी व लगतच्या मतदारसंघांत विभागला गेला आणि लोकसभेसाठी परळ दक्षिण मुंबईला जोडले गेले. ज्या मतदारसंघात मलबार हिल व कुलाबा आहेत त्यातच गिरणगाव आले. २००९ मध्ये दक्षिण मुंबईतून काँग्रेसचे मिलिंद देवरा विजयी झाले; महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर दुसऱ्या व मोहन रावले तिसऱ्या स्थानी राहिले. त्याच वर्षी शिवडी विधानसभेची जागा नांदगावकर यांनी जिंकली. २०१४, २०१९ व २०२४ मध्ये शिवडीतून अजय चौधरी निवडून आले. शिवसेनेतील २०२२ च्या फुटीनंतर झालेल्या २०२४ च्या निवडणुकीत ते उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे उमेदवार होते आणि नांदगावकर यांच्याविरुद्धचे त्यांचे मताधिक्य सात हजारांच्या आसपास होते. म्हणजे अलीकडच्या काळात येथील प्रमुख लढत एकाच परंपरेतून निघालेल्या दोन पक्षांत होते. १९३७ पासून चाललेला वर्गाच्या प्रतिनिधित्वाचा वाद मतपत्रिकेवरून जवळपास दिसेनासा झाला आहे.

निष्कर्ष

१. परळचे मतदान एका विचारसरणीकडून दुसरीकडे सरळ रेषेत गेलेले नाही. १९३७, १९५७, १९७० व १९८४ या चारही निवडणुकांत निर्णायक प्रश्न वेगवेगळा होता : अनुक्रमे दलित व मजूर प्रतिनिधित्व, भाषा, स्थानिक तरुणांचा रोजगार आणि संपाची न्याय्यता.

२. मताधिकाराचे व मतमोजणीचे नियम निकालावर खोल परिणाम करतात. १९३७ मधील एकत्रित मतांची सवलत आणि १९५२ मधील तिचा अभाव यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे.

३. कामगाराला औद्योगिक संघटना निवडण्यासाठी गुप्त मतदान नाकारले गेल्याने राजकीय निवडणुकांवर त्या असंतोषाचा भार पडला. राजकीय मताला मात्र औद्योगिक प्रश्न सोडवता आला नाही.

४. शिवसेनेचे स्थिर वर्चस्व १९७० च्या विजयातून नव्हे, १९८२ नंतरच्या औद्योगिक ऱ्हासातून निर्माण झाले.

५. मतदारसंघाचा लोप ही केवळ प्रशासकीय घटना नाही. जमिनीच्या वापराचे धोरण, त्यातून रोजगाराचा नाश, त्यातून स्थलांतर आणि त्यातून प्रतिनिधित्वाची घट अशी ही साखळी आहे. ज्यांच्या श्रमाने परळ वसले त्यांपैकी अनेकांची मते आज कल्याण, अंबरनाथ वा वसईच्या यादीत आहेत. जमीन व गृहनिर्माण यांविषयीचे निर्णय घेताना त्यांचे राजकीय प्रतिनिधित्वावर होणारे परिणामही विचारात घ्यावे लागतील, हा परळच्या मतदानाच्या इतिहासाचा बोध आहे.